बेसचा हलका ॲम्प आणि आमच्याकडचे मांडव

बेस गिटारसाठी ॲम्प घ्यायचा म्हटले की आमच्या भागातला प्रत्येक वादक सर्वांत आधी वॅट विचारतो. या विषयावर मी अनेकांशी बोललो आहे, आणि माझे मत पक्के होत गेले आहे की वॅटचा प्रश्न नंतरचा आहे. या ॲम्पचा आवाज नेमका कोणी ऐकायचा आहे, हे आधी ठरवावे. मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाने तो ऐकायचा असेल, तर एका माणसाला उचलता येईल असे कोणतेही यंत्र त्या कामाला पुरणार नाही. तो मी, माझ्या शेजारचा ढोलकवादक आणि दोन पावले पुढे उभा असलेला गायक एवढ्यांनीच ऐकायचा असेल, तर दहा किलोच्या आसपासचे यंत्र पुरते; मात्र ते विचार करून निवडावे लागते आणि त्याहून अधिक विचार करून लावावे लागते.

पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड, सिंदेवाही, लाखांदूर या पट्ट्यात कार्यक्रमांचे वर्ष धानाच्या हंगामावर चालते. दिवाळी झाली, धान कापले गेले की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि झाडीपट्टीची, म्हणजे याच पट्ट्यातल्या रंगभूमीची, नाटके रात्रभर चालतात. वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. तिच्यातले ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तो मान या भागातल्या प्रत्येक वादकाला आपलाच वाटला. उन्हाळ्यात १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेच्या निमित्ताने भीमगीतांचे कार्यक्रम असतात, पावसाळ्याच्या शेवटी गणपती आणि नवरात्र. या सगळ्या ठिकाणी साउंडवाला आपले मोठे बॉक्स, मिक्सर आणि जनरेटर घेऊन येतोच. प्रेक्षकांपर्यंत आवाज पोचवण्याची जबाबदारी त्याची असते आणि तो ती मनापासून पार पाडतो. वादक मात्र आपापल्या सोयीने पोचतात. कोणी मोटरसायकलवर, कोणी एसटीने, कोणी काळी-पिवळीच्या टपावर वाद्य बांधून. अशा वेळी ॲम्पचे वजन ही आरामाची बाब राहत नाही. परतीच्या शेवटच्या गाडीत जागा मिळेल की नाही, हे त्यावर ठरते.

बेसचा ॲम्प जड का असे, हे समजून घेतले म्हणजे हलका ॲम्प कशाच्या बळावर हलका झाला तेही कळते. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि त्याच्या जोडीचा बेसमन ॲम्प १९५२ मध्ये. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने एसव्हीटी हा ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प काढला. त्याचे नुसते हेडच, म्हणजे स्पीकर नसलेला ॲम्पचा भागच, चाळीस किलोच्या आसपास भरत असे आणि दहा इंची आठ स्पीकरांचे कॅबिनेट त्याहून जड होते. त्या काळी रंगमंचाभोवतीची ध्वनिव्यवस्था मुख्यतः गायकाच्या आवाजासाठी असे, त्यामुळे मैदानभर बेस पोचवण्याचे काम वादकाच्या ॲम्पलाच करावे लागे. ते वजन त्या कामाला शोभणारे होते.

ते वजन प्रामुख्याने तीन ठिकाणी साठलेले असे: ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात, उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत आणि स्पीकरच्या चुंबकात. पुढच्या काळात तिन्ही ठिकाणचे वजन वेगवेगळ्या मार्गांनी उतरले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि एवढ्या कमी वारंवारतेवर मोठी शक्ती वाहून न्यायची तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठाच लागतो. स्विच-मोड पद्धतीचा वीजपुरवठा आधी २३० व्होल्टच्या एसीचे सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत रूपांतर करतो, मग तो डीसी सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद करतो, आणि त्या वारंवारतेला मुठीत मावणारा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शक्ती वाढवणाऱ्या भागात असाच बदल क्लास डी रचनेने केला. जुन्या रचनेतला ट्रान्झिस्टर पाटाच्या तोंडाशी फळी अर्धवट धरून पाणी सोडणाऱ्या माणसासारखा सतत ताणाखाली असतो, आणि तो ताण उष्णतेच्या रूपाने वाया जातो. क्लास डी मधला ट्रान्झिस्टर ती फळी एकतर पूर्ण उघडतो किंवा पूर्ण बंद करतो, तेही सेकंदाला काही लाख वेळा, आणि उघड्या-बंद वेळेच्या प्रमाणातून मूळ ध्वनिलहर परत उभी राहते. जुन्या क्लास बी रचनेची कार्यक्षमता गणितानेही ७८.५ टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि प्रत्यक्षात ती बरीच कमी असते. क्लास डी मध्ये ती ९० टक्क्यांच्या आसपास जाते. उष्णता कमी, म्हणून पाती लहान. राहिले चुंबक. १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी निओडिमियमचे चुंबक विकसित केले, जे फेराइटच्या मानाने कितीतरी कमी वजनात तेवढेच बळ देते, आणि पुढे ते बेसच्या स्पीकरांत आले.

आज याचे फळ असे दिसते की ट्रेस इलियटचे एल्फ नावाचे हेड पाऊण किलोच्या आतबाहेर वजनात ४ ओहमच्या स्पीकरला २०० वॅट देते आणि गॅलियन-क्रूगरचे एमबी-२०० किलोभर वजनात तेवढेच देते. वरवर पाहता वजनाचा प्रश्न सुटला असे वाटते. परंतु हेड कितीही हलके झाले तरी त्याला कॅबिनेट लागते, आणि कॅबिनेटच्या बाबतीत निसर्गाने सवलत दिलेली नाही. ध्वनिवर्धकांच्या शास्त्रात हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: पेटीचा लहान आकार, कमी शक्तीत मोठा आवाज आणि खोलवरचे सूर या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळतात. लहान पेटी घेऊन खालचे सूर हवे असतील, तर भरपूर वॅट ओतावे लागतात. लहान पेटी आणि मोठा आवाज हवा असेल, तर अगदी खालचे सूर सोडावे लागतात.

माझा कौल दुसऱ्या पर्यायाला आहे, आणि तो केवळ नाइलाजाने दिलेला नाही. बेसच्या सर्वांत जाड तारेचा, म्हणजे ई तारेचा, मूळ स्वर ४१.२ हर्ट्झचा असतो. दहा किंवा बारा इंची एका स्पीकरचा हलका कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेले यंत्र, तो स्वर फारसा देऊ शकत नाही. तरीही आपल्याला तो ऐकू येतो, कारण तारेतून त्याच वेळी ८२, १२४, १६५ हर्ट्झचे वरचे स्वरांशही निघत असतात आणि त्यांच्यातले समान अंतर ओळखून आपला मेंदू मूळ स्वर स्वतः जोडून घेतो. श्रवणशास्त्रात हा परिणाम चांगला अभ्यासलेला आहे. त्यामुळे मी कोणता स्वर दाबला, तो सुरात आहे की नाही आणि ठेक्यावर पडला की मागे राहिला, हे कळण्यासाठी मला माझ्या पायाशी ४१ हर्ट्झची थरथर असण्याची गरज नाही. ती थरथर साउंडवाल्याच्या अठरा इंची बॉक्समधून प्रेक्षकांना मिळते, आणि तिथेच ती शोभते.

आता वॅटकडे येतो. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. फेंडरच्या रंबल मालिकेचे उदाहरण घेऊ, कारण ती आमच्याकडे अनेकांच्या पाहण्यातली आहे. तिच्यातला ४० वॅटचा कॉम्बो सुमारे ८ किलोचा, १०० वॅटचा सुमारे १० किलोचा आणि दहा इंची दोन स्पीकर असलेला ५०० वॅटचा साडेसोळा किलोच्या आसपास. चाळीसवरून शंभरवर जाताना दोन किलो वाढतात आणि ४ डेसिबल मिळतात. शंभरवरून पाचशेवर जाताना सहा-सात किलो वाढतात आणि केवळ वॅटचा हिशेब धरला तर ७ डेसिबल मिळतात, शिवाय दुसऱ्या स्पीकरचा थोडा लाभ. ढोलक आणि ऑक्टोपॅड यांच्या शेजारी बसून वाजवताना ४० वॅट अपुरे पडतात. मोठ्या टिपेला आवाज फाटतो. शंभर पुरतात. पाचशे वॅटची गरज मला साउंडवाला नसलेल्या घरगुती कार्यक्रमांतच जाणवते, आणि तसे कार्यक्रम आमच्याकडे विरळ आहेत.

वेगळे हेड आणि वेगळे कॅबिनेट घेणाऱ्याने ओहमचा हिशेब न चुकता समजून घ्यावा. २०० वॅटचे हेड ती शक्ती ४ ओहमला देते. ८ ओहमचे एकच कॅबिनेट जोडले तर साधारण १२० ते १४० वॅटच मिळतात. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की मिळून ४ ओहम होतात. ज्या हेडवर किमान ४ ओहम लिहिले आहे, त्याला याहून कमी ओहमचा भार कधीही जोडू नये. हेड आणि कॅबिनेट यांची जुळणी मोठ्या शहरातल्या वादकाला मोकळीक देते, हे खरे. पण दोन नग, मधली स्पीकरची केबल आणि अंधारात ती शोधण्याची वेळ यांचा विचार केला तर आमच्यासाठी एका मुठीने उचलता येणारा कॉम्बोच बरा, असे माझे मत आहे.

निवडीच्या बाबतीत ग्रामीण भागातल्या वादकाने ज्याचा सर्वाधिक विचार करावा, ती गोष्ट जाहिरातींत कुठेही नसते, आणि ती म्हणजे वीज. मांडवातला शेवटचा बोर्ड हा खांबापासून लांब ओढलेल्या बारीक तारेच्या टोकाला असतो. त्यावरच हॅलोजन, कूलर आणि साउंडचा रॅक चालत असतो. संध्याकाळी तिथे १८० व्होल्ट मिळणे नवलाचे नाही. जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प अशा वेळी मलूल होतो, पण चालत राहतो. स्विच-मोडच्या ॲम्पचे दोन प्रकार असतात: ज्याच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, तो १८० वर पूर्ण ताकदीने चालतो, ज्याला केवळ २३० व्होल्टचा पर्याय आहे, तो एका मर्यादेखाली स्वतःला बंद करून घेऊ शकतो. मागच्या पट्टीवरची ही एक ओळ मी वॅटच्या आकड्याआधी वाचतो.

कमी व्होल्टेजपेक्षा मोठा धोका जास्त व्होल्टेजचा आहे. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली, तर एकेका फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्ट मिळू शकतात, आणि त्यात काही क्षणांत वीजपुरवठ्याचा भाग जळतो. म्हणून प्लग लावण्यापूर्वी मल्टिमीटरने बोर्ड मोजणे हा माझा नेम आहे. जनरेटर असेल तर तो सुरू होऊन स्थिरावेपर्यंत थांबावे आणि दिवे एकदम लावले-विझवले जात असताना ॲम्प बंद ठेवावा.

अर्थिंगविषयी मी जरा कळकळीने लिहितो, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. बेसच्या तारा पुलामार्गे केबलच्या जाळीशी, तिथून ॲम्पच्या धातूच्या चौकटीशी आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या पिनेशी जोडलेल्या असतात. बोर्डात अर्थिंग नसेल, तर ही साखळी हवेत लोंबकळते. स्विच-मोडच्या ॲम्पमध्ये गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले छोटे कपॅसिटर अशा वेळी चौकटीवर पुरवठ्याच्या जवळपास निम्मे व्होल्टेज आणून ठेवतात; विद्युतप्रवाह अतिशय थोडा असतो, पण तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात आणि टेस्टरचा दिवा लागतो. खरी भीती याहून पुढची आहे. ॲम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या फेजच्या बोर्डावर असेल, कुठल्यातरी उपकरणात बिघाड असेल आणि अर्थिंग नसेल, तर बेस हातात धरून माइकला ओठ लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून जीवघेणा प्रवाह जाऊ शकतो. यासाठी तीन गोष्टी कराव्यात. ॲम्पची वीज साउंडवाल्याच्या मिक्सरच्याच बोर्डावरून घ्यावी. गाण्यापूर्वी मल्टिमीटरची एक पिन तारांना आणि दुसरी माइकच्या जाळीला लावून एसी व्होल्टेज पाहावे. काही व्होल्टच्या वर काटा गेला तर माइकला तोंड लावू नये. आणि हमिंग घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कापण्याची जी पद्धत आमच्याकडे सर्रास आहे, ती कायमची सोडावी. हमिंग थांबवायचे असेल तर ॲम्पच्या मागच्या डीआय आउटपुटजवळ, म्हणजे जिथून मिक्सरला सिग्नल देतात त्या जागेजवळ, ग्राउंड लिफ्टचे बटण असते. ते केवळ मिक्सरकडे जाणाऱ्या सिग्नलच्या केबलची जाळी सोडवते, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

आता ॲम्प लावण्याकडे वळतो. पहिली जुळवणी नॉबची नसून जागेची असते. जमिनीवर ठेवलेला कॉम्बो आपल्या गुडघ्यांकडे तोंड करून वाजतो, आणि बारा इंची स्पीकर साधारण एक हजार हर्ट्झच्या वरचे सूर एखाद्या टॉर्चच्या झोताप्रमाणे सरळ फेकत जातो, बाजूंना कमी देतो. परिणामी आपल्याला स्वतःची बोटे ऐकू येत नाहीत, आपण आवाज वाढवतो, आणि समोरच्या रांगेतले लोक कान झाकतात. ॲम्प खुर्चीवर ठेवावा किंवा पुढच्या कडेखाली लाकडाची चीप सारून तोंड वर करावे. तेवढ्याने व्हॉल्यूम पुष्कळ खाली आणता येतो. शिवाय आमच्याकडचे रंगमंच बहुधा ड्रमवर किंवा बाकांवर फळ्या टाकून केलेले असतात. त्या पोकळ फळ्यांवर थेट ठेवलेला ॲम्प त्यांनाच वाजवू लागतो, आणि एखादा स्वर अकारण घुमतो. उंचावर घेतल्याने तेही कमी होते.

मग गेन, म्हणजे ॲम्पमध्ये शिरणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब. कार्यक्रमातला सर्वांत जोराचा तुकडा जसा वाजवणार तसाच वाजवून, क्लिपचा, म्हणजे सिग्नल फाटू लागल्याचा, दिवा जेमतेम लुकलुकेल इथवर गेन न्यावा आणि किंचित मागे घ्यावा. त्यानंतर मास्टरला, म्हणजे शेवटच्या व्हॉल्यूमच्या नॉबला, हात लावावा. हलक्या ॲम्पमध्ये हा क्रम पाळणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्याच्याजवळ फुकट घालवायला शक्ती नसते. याच कारणासाठी ३० ते ४० हर्ट्झच्या खालचे गाळून टाकणारा हाय-पास फिल्टर ॲम्पमध्ये असेल तर तो चालू ठेवावा. त्या पट्ट्यात ऐकण्याजोगे काही नसते. तारेवर हात पडल्याचा आणि फळ्यांच्या हादऱ्यांचा धपधपाट मात्र असतो, आणि तो स्पीकरच्या शंकूला निष्कारण मागेपुढे ढकलत शक्ती खातो.

टोनचे सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करावी आणि एकट्याने वाजवून काहीही ठरवू नये. घरी गोड लागलेला आवाज कार्यक्रमात का बुडतो, याचे एक कारण कानातच आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की लहान आवाजात आपला कान खालच्या सुरांना बराच बधिर असतो आणि आवाज वाढत जातो तसा तो बधिरपणा कमी होतो. खोलीत हळू वाजवताना आपण खालचे सूर वाढवून समतोल साधतो. तीच जुळवणी मांडवात मोठ्याने वाजली की खालचे सूर प्रमाणाबाहेर फुगतात.

दुसरे कारण सोबतच्या वाद्यांत आहे, आणि मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच आहे. आमच्या वाद्यवृंदात शंभर हर्ट्झच्या आगेमागे जागा मोकळी नसते. डग्ग्याची घुमारी तिथे असते, ढोलकच्या डाव्या पुडीचा दाब तिथे असतो, ऑक्टोपॅडची किक तिथेच पडते आणि ऑर्गनवाल्याचा डावा हात, बेसवादक नसण्याच्या वर्षानुवर्षांच्या सवयीने, खालच्या सप्तकात फिरत असतो. बेसवाल्याने तिथेच आपला बेस नॉब वाढवला, तर चौघांचा मिळून एक गलका होतो आणि गायकाला सुराचा आधार मिळत नाही. बेसचा स्वर ओळखू येतो तो ४०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि बोटाचा स्पर्श एक ते दोन हजारांत. या जागा आमच्याकडे पुष्कळ मोकळ्या असतात. म्हणून मी बेसचा नॉब मध्याच्या किंचित खाली आणि लो-मिड, म्हणजे मधल्या सुरांच्या खालच्या भागाचा नॉब, मध्याच्या वर ठेवतो. ज्या ॲम्पला कॉन्टूर नावाचे बटण असते, त्याचे काम मधले सूर दाबून दोन्ही टोके उचलण्याचे असते. दुकानात एकट्याने वाजवताना ते बटण फार सुरेख वाटते आणि वाद्यवृंदात तेच बटण बेसवादकाला नाहीसे करते. मी ते दाबत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची परंपरा या मातीत खोल रुजलेली आहे, आणि भजनी मंडळासोबत बेस वाजवण्याचा योग येतो तेव्हा ही जुळवणी थोडी बदलावी लागते. खंजिरी आणि टाळ वरच्या पट्टीत दाट असतात, खालची बाजू तुलनेने मोकळी असते. तिथे बेसचा नॉब मध्यावर परत न्यावा, ट्रेबल उतरवावा आणि स्वर लांब धरावेत. भीमगीतांच्या कव्वालीच्या ढंगात मात्र टाळ्यांचा ठेका आणि ढोलक इतके जोरकस असतात की बोटाचा स्पर्श ऐकू आलाच पाहिजे. तिथे हाय-मिडला थोडा उठाव द्यावा.

जागेचाही हिशेब असतो. कापणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभारलेल्या मंचाला भिंती नसतात, आणि कनातीचे कापड खालच्या सुरांना अडवत नाही. त्यामुळे उघड्यावर बेस बारीक वाटतो. तिथे नॉब वाढवण्याचा मोह आवरावा आणि खालचा भार साउंडवाल्यावर सोपवावा. समाजमंदिरात याच्या उलट होते. समोरासमोरच्या भिंती, फरशी आणि छत यांच्यामध्ये ठरावीक लांबीच्या लहरी अडकून राहतात. साडेतीन मीटर उंचीच्या खोलीत ती वारंवारता ४९ हर्ट्झच्या जवळ येते, आणि ई तारेवरच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी नेमका ४९ हर्ट्झचा आहे. तो एकच स्वर बाकीच्यांपेक्षा दुपटीने घुमतो. अशा वेळी संपूर्ण बेस कमी करण्याऐवजी ॲम्प कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दूर सरकवून पाहावा, आणि तरीही घुमला तर तो स्वर एक सप्तक वर वाजवावा.

साउंडवाल्याला लाइन देताना डीआयचे बटण प्री वर ठेवावे, म्हणजे टोनच्या नॉबआधीचा स्वच्छ सिग्नल त्याला मिळतो, आणि कार्यक्रमाच्या मध्येच मी माझ्यासाठी काही फिरवले तरी समोरचा आवाज बदलत नाही. त्याच्याशी बोलणे मात्र टाळू नये. "भाऊ, खालचं लय घुमून राहिलं," असे तो सांगत असेल तर तो बहुतेक वेळा बरोबर असतो, कारण तो जिथे उभा आहे तिथून आवाज ऐकतो आणि मी तिथे नसतो.

उन्हाविषयी थोडे. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. क्लास डी कमी तापतो, पण तोही आत ठरलेल्या तापमानाला स्वतःला बंद करतो, आणि दुपारभर उन्हात पडून राहिलेली काळी पेटी त्या तापमानाच्या निम्म्या वाटेवर आधीच पोचलेली असते. पंख्याची जाळी मोकळी ठेवावी, धानाचा भुसा आणि धूळ तिच्यात जमू देऊ नये, वाहतुकीत जाड कापडाचे आवरण घालावे आणि वाजवताना ते पूर्ण काढावे.

दुरुस्तीचा मुद्दा हलक्या ॲम्पच्या विरोधात जातो, आणि तो मान्य केलाच पाहिजे. तालुक्याच्या गावातला जुना रेडिओ-मेकॅनिक २एन३०५५ ट्रान्झिस्टर डोळे मिटून बदलू शकतो. त्या जातीचे ॲम्प पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या हातून जगले. क्लास डी च्या सर्किटच्या पाटीवरचे सुटे भाग तांदळाच्या कणीएवढे असतात आणि बहुधा सगळी पाटीच बदलावी लागते, ज्यासाठी नागपूर गाठावे लागते. म्हणूनच एक पॅसिव्ह डीआय बॉक्स नेहमी सोबत असावा. त्याला वीज लागत नाही, आत केवळ छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि ऐन वेळी ॲम्प बंद पडला तर त्यातून थेट मिक्सरमध्ये जाऊन साउंडवाल्याच्या मॉनिटरवर कार्यक्रम पार पडतो.

शेजारच्या गावातला एक मुलगा अलीकडे बेस शिकू लागला आहे. "काका, ॲम्प कोणता घेऊ?" असे त्याने विचारले तेव्हा मी त्याला सांगितले की पहिल्या हंगामात ॲम्प घेऊच नकोस. चांगली केबल, पॅसिव्ह डीआय आणि मल्टिमीटर एवढेच घे, साउंडवाल्याच्या मॉनिटरवर वाजव आणि आपल्या बेसचा स्वर इतर वाद्यांत कुठे बसतो ते कान देऊन ऐक. नंतर शंभर वॅटचा वापरलेला कॉम्बो शोध. पाहायला जाताना स्वतःचा बेस घेऊन जा. खालचे स्वर हळूहळू चढवत मोठ्या आवाजात वाजव आणि शंकू खरखरतो का ते ऐक. प्रत्येक नॉब फिरवून पाहा. डीआयमधून मिक्सरवर सिग्नल येतो का ते तपास. अर्धा तास सलग वाजवून पंखा फिरतो का, हाताला किती ऊब लागते ते पाहा. मागच्या पट्टीवर व्होल्टेजची ओळ वाच. आणि पैसे मोजण्यापूर्वी तो ॲम्प आपल्या मोटरसायकलच्या कॅरिअरवर बांध, बेस पाठीवर घे, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून एक फेरी मारून ये.